चुकले कोण आणि चुकले कसे?

श्रोतेहो, शाळेच्या प्रयोगशाळेत एखाद्या मुलाच्या हातून तापमापक फुटतो. पारा टेबलावरून ओघळतो आणि फरशीच्या फटीत जाऊन बसतो. आता या मुलापुढे दोन वाटा असतात. गुरुजींना जाऊन सांगावे ही एक. काचा गोळा करून खिडकीबाहेर टाकाव्या आणि गप्प बसावे ही दुसरी. तो कोणती वाट धरील? तुम्ही म्हणाल, मुलगा प्रामाणिक असेल तर सांगेल. मला तसे वाटत नाही. ते मुलाच्या स्वभावापेक्षा गुरुजींच्या स्वभावावर अधिक अवलंबून आहे. मागल्या वेळी ज्याने खरे सांगितले त्याला चारचौघांत छडी खावी लागली असेल, तर या खेपेला प्रामाणिक मुलगाही काचा खिडकीबाहेर टाकील. पारा मात्र फटीतच राहील, आणि पारा विषारी असतो.

शाळेचे हे जे आहे तेच इस्पितळाचे आहे. फरक इतकाच, की इस्पितळात फुटते ते माणसाचे आयुष्य असते. रोगी सुखरूप घरी यावा यासाठी औषध चांगले हवे, डॉक्टर हुशार हवा, हे आपण सगळे जाणतो. पण त्या इस्पितळाचा जो वरिष्ठ, तो चूक कळल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारतो, यावरही रोग्याचा जीव अवलंबून असतो, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. ‘चुकले कोण?’ असे तो विचारतो, की ‘चुकले कसे?’ असे विचारतो? आज इतिहासातल्या तीन हकीकती सांगून या दोन प्रश्नांतले अंतर दाखवावे, असा माझा विचार आहे.

पहिली हकीकत व्हिएन्ना शहराची. काळ सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा. तिथल्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी शिकत. दाखल होणाऱ्या बायका वारांप्रमाणे या ना त्या विभागात जात. इमारत एक, अन्न एक, हवा एक. पण १८४६ साली पहिल्या विभागात बाळंतरोगाने शेकडा ११ हून अधिक बायका दगावल्या आणि दुसऱ्या विभागात शेकडा तीनसुद्धा नाहीत. शहरातल्या गोरगरीब बायकांना हे पक्के ठाऊक होते. आपल्याला पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवण्या करीत.

म्हणजे आकडे होते. इस्पितळाच्या वह्यांत ते दरमहा लिहिले जात होते. नव्हता तो त्या आकड्यांना ‘हे असे का?’ म्हणून विचारणारा वरिष्ठ. चौकशीसाठी एक समिती नेमली गेली. तिने काय शोधून काढले? विद्यार्थी, त्यातही परदेशी विद्यार्थी, बायकांना धसमुसळेपणाने तपासतात, म्हणून रोग होतो! विद्यार्थ्यांची संख्या ४२ वरून २० वर आणली आणि परदेशी विद्यार्थ्यांना जवळजवळ वगळूनच टाकले. मृत्यू काही दिवस उतरले आणि पुन्हा चढले. ‘चुकले कोण?’ या प्रश्नाला परका माणूस हे उत्तर नेहमीच सोपे पडते.

याच विभागात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा अठ्ठावीस वर्षांचा एक हंगेरियन डॉक्टर साहाय्यक म्हणून आला. त्याने दोन्ही विभागांतला एकेक फरक घेऊन तो पुसून पाहायला सुरुवात केली. मरणाऱ्या बाईसाठी पाद्री घंटा वाजवीत पहिल्या विभागातून जाई. त्या घंटेच्या धास्तीने बायका आजारी पडतात असे कोणी म्हणे. सेमेलवाइसने पाद्र्याला घंटा न वाजवता दुसऱ्या वाटेने यायला सांगितले. काही फरक पडला नाही. बायकांची निजण्याची पद्धत बदलली. फरक पडला नाही. पुढे मार्च १८४७ मध्ये त्याचा मित्र प्राध्यापक कोलेत्श्का वारला. शवविच्छेदन चालू असता एका विद्यार्थ्याची सुरी त्याच्या बोटाला लागली होती. त्याच्या शरीरात जी लक्षणे सापडली ती थेट बाळंतरोगाची! तेव्हा सेमेलवाइसच्या डोक्यात प्रकाश पडला. विद्यार्थी आणि डॉक्टर सकाळी प्रेते फाडत आणि त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत. सुइणी प्रेतांना हात लावीत नसत. मृत्यू बाहेरून येत नव्हता, तो डॉक्टरांच्या बोटांवरून येत होता.

मे १८४७ च्या मध्यापासून त्याने नियम केला, की बाळंतिणीला हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायचे. ते पाणी म्हणजे काही अपूर्व वस्तू नव्हे. पुढे पुढे तो क्लोरीनयुक्त चुना वापरू लागला. आपल्या गावच्या पाण्याच्या टाकीत जी ब्लीचिंग पावडर टाकतात, तीच ही जात. एप्रिलमध्ये शेकडा १८ बायका मेल्या होत्या. जूनमध्ये दोनच्या आसपास, जुलैमध्ये एकाच्या आसपास. पुढल्या वर्षी तर दोन महिने असे गेले की एकही मृत्यू झाला नाही.

या हकीकतीत दोन माणसे मला महत्त्वाची वाटतात. एक सेमेलवाइस स्वतः. त्याने पुढे आपल्या ग्रंथात मोकळेपणाने लिहिले, की आपण स्वतः पुष्कळ शवविच्छेदने केली, तेव्हा आपल्याच हातांनी किती बायका अकाली गेल्या त्याची गणती देवालाच ठाऊक. असे लिहायला छाती लागते. दुसरा माणूस म्हणजे त्या विभागाचे प्रमुख प्राध्यापक योहान क्लाइन. ते काही दुष्ट नव्हते. रोगजंतूंचे ज्ञान त्या काळी नव्हते, आणि हाताखालचा एक तरुण आपल्या इतक्या वर्षांच्या कारभारावर बोट ठेवतो आहे, एवढेच त्यांना दिसले. १८४९ मध्ये सेमेलवाइसची मुदत संपली, ती त्यांनी वाढवून दिली नाही. खरे सांगणारा माणूस गेला आणि बाकीच्यांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला.

सेमेलवाइस मायदेशी पेस्ट शहरात गेला. तेथील एका इस्पितळात बाळंतिणींच्या विभागाचा तो स्वतःच प्रमुख झाला आणि सहा वर्षांत तेथील मृत्यूचे प्रमाण त्याने शेकडा एकाच्याही खाली आणले. नियम तोच, पाणी तेच. पण आता सांगणारा वरिष्ठाच्या खुर्चीवर होता. बरे, त्याचेही एक चुकलेच. पुढे आपले न ऐकणाऱ्या नामांकित डॉक्टरांना तो जाहीर पत्रे लिहून खुनी म्हणू लागला. ज्यांना पटवायचे त्यांनाच त्याने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, आणि आरोपी शिकत नाही, तो बचाव करतो. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात सेमेलवाइसचा अंत झाला.

दुसरी हकीकत आपल्या मुंबईशी बांधलेली आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग उद्भवला आणि बघता बघता मुंबई ओस पडू लागली. त्या वेळी सरकारने वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाला मुंबईस धाडले. हा ओडेसाचा यहुदी, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेला, आणि बंगालमध्ये पटकीची लस टोचून नाव मिळवलेला. वैद्यकाची पदवी मात्र त्याच्यापाशी नव्हती. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा खोलीत बसून त्याने तीन-चार महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. स्वतःवर घेतल्यावाचून लोकांना द्यायची नाही, हे वरिष्ठपणाचे एक रूप झाले. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळला गव्हर्नरच्या जुन्या वाड्यात गेली, आणि तेथून लक्षावधी लोकांसाठी लस बाहेर पडू लागली.

मग ३० ऑक्टोबर १९०२ हा दिवस उजाडला. पंजाबातल्या मुलकोवाल गावी (हे गाव आज पाकिस्तानात आहे) पाच बाटल्यांतून १०७ माणसांना लस टोचली गेली. आठवडाभरात त्यातल्या एकोणीस जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसच्या एकोणीस माणसे गेली. उरलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही. तपास केला तेव्हा दिसले, की ही एकोणीस माणसे एकाच बाटलीतून टोचलेली. तिचा क्रमांक ‘५३ एन’. बाटलीवर क्रमांक होता आणि त्याची नोंद होती म्हणून इतके तरी कळले. नोंदवही म्हणजे रिकामटेकडी कारकुनी असे ज्यांना वाटते, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

सरकारने चौकशी समिती नेमली. समितीपुढे प्रश्न आला तो मुख्यतः असा: दोष कोणाचा, परळचा की मुलकोवालचा? हाफकिनने लस लवकर तयार व्हावी म्हणून कृतीत बदल केला होता. कार्बोलिक घालणे सोडून केवळ उष्णतेवर भर दिला होता. ही रीत पाश्चर संस्थेत रूढ होती. पण बदल केला म्हणजे दोष त्याचाच, असा ग्रह झाला. बाटली परळहून निघण्यापूर्वीच दूषित झाली असावी, असे समितीने ठरवले. हाफकिनला संचालकपद सोडावे लागले. तो मुंबई सोडून लंडनला गेला.

आता दुसरी बाजू पाहा. त्या दिवशी मुलकोवालला बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात हलवला आणि त्यानेच बूच काढले. धनुर्वाताचे जंतू राहतात कुठे? मातीत, विशेषतः गुराढोरांच्या शेणाने भरलेल्या मातीत. आणि ते असे चिवट, की चिमटा क्षणभर औषधाच्या पाण्यात बुडवल्याने मरत नाहीत. बाटली मुंबईत भरली गेली त्याला ४१ दिवस होऊन गेले होते. तेव्हाच जंतू आत गेले असते तर इतक्या दिवसांत ते वाढून बाटलीला घाण वास सुटला असता. तसा वास टोचणाऱ्या डॉक्टरांना आला नव्हता. ही सगळी माहिती कागदोपत्री होती, पण ती बाहेर यायला वर्षे लागली. रोनाल्ड रॉस, ज्यांनी डासांतून हिवताप कसा पसरतो ते शोधून काढले, त्यांनी आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात जाहीरपणे हाफकिनची बाजू मांडली. त्या वर्षाअखेर हाफकिन दोषमुक्त झाला. तो परत हिंदुस्थानात आला, पण कलकत्त्याला; परळची जागा केव्हाच दुसऱ्याला गेली होती. १९२५ साली त्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट असे नाव मिळाले आणि ते आजही आहे.

हाफकिनवर अन्याय झाला, हे तर खरेच. पण ही गोष्ट येवढ्यावर सोडून चालणार नाही. समजा, पहिल्याच महिन्यात परळऐवजी त्या मदतनिसाला दोषी ठरवून घरी पाठवले असते, तर न्याय झाला असता का? मला वाटते, तोही अर्धाच. कारण खरा प्रश्न पुढेच आहे. एका बाटलीतून इतक्या माणसांना टोचायची वेळ का यावी? दुसरा उकळलेला चिमटा जवळ का नसावा? चिमटा पडला तर काय करायचे, हे लिहून का दिलेले नसावे? आणि सगळ्यांत मोठा प्रश्न: रांगेत गाव उभे असताना, ‘साहेब, चिमटा खाली पडला, जरा थांबा’ असे म्हणण्याची त्या मदतनिसाला मुभा होती का? हे प्रश्न ‘चुकले कसे?’ या जातीचे आहेत. ‘कोण?’ या प्रश्नामागे पाच वर्षे गेली. दरम्यान लोकांचा लशीवरचा विश्वास डळमळला आणि प्लेग तर पंजाबात थैमान घालतच होता.

तिसरी हकीकत अलीकडची, अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराची. तेथील जॉन्स हॉपकिन्स इस्पितळ जगात नावाजलेले. तेथील अतिदक्षता विभागात अत्यवस्थ रोग्याच्या मोठ्या शिरेत एक नळी घालून औषध देतात. या नळीवाटे जंतू शिरले की रोगी दगावण्याची भीती असते. २००१ साली पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टरने एका कागदावर पाच गोष्टी लिहिल्या: साबणाने हात धुवा, रोग्याची त्वचा जंतुनाशकाने पुसा, रोग्याचे अंग निर्जंतुक कपड्याने झाका, स्वतः तोंडपट्टी, टोपी, झगा आणि हातमोजे घाला, नळी बसल्यावर त्या जागी स्वच्छ पट्टी लावा. यात नवे काय? काहीच नाही. ‘हे आम्हाला शिकवता?’ असे कोणीही डॉक्टर म्हणेल. पण त्याने परिचारिकांना महिनाभर नुसते पाहायला सांगितले, तेव्हा आढळले की तिघांपैकी एकाहून अधिक रोग्यांच्या बाबतीत पाचांतली एखादी तरी गोष्ट गळत होती. जगातल्या उत्तम इस्पितळात, बरं का!

खरी गंमत यापुढे आहे. प्रोनोव्होस्टने इस्पितळाच्या व्यवस्थापनाला राजी केले, की डॉक्टरने एखादी पायरी वगळली तर परिचारिकेने त्याला जागच्या जागी थांबवायचे, आणि तसे थांबवल्याबद्दल वरिष्ठ तिच्या पाठीशी उभे राहतील. नर्सने डॉक्टरला टोकायचे! आपल्याकडे काय किंवा तिकडे काय, ही गोष्ट सोपी नव्हे. पण वरून शब्द मिळाला होता. वर्षभर लक्ष ठेवले, तेव्हा दहा दिवस नळी असलेल्या रोग्यांत जे जंतुसंसर्गाचे प्रमाण आधी शेकडा ११ होते, ते शून्यावर आले.

मग २००३ पासून मिशिगन या संपूर्ण राज्यात हाच प्रयोग झाला. तिथे प्रत्येक विभागाशी इस्पितळाचा एकेक बडा अधिकारी जोडून दिला. त्याने महिन्यातून एकदा तरी स्वतः विभागात यायचे आणि तुमची अडचण काय म्हणून विचारायचे. हे अधिकारी डॉक्टर नव्हते, कचेरीतली माणसे. ते आले तेव्हा त्यांना काय कळले? की त्वचा पुसायला जे जंतुनाशक सर्वांत चांगले, ते तिथल्या तिसऱ्या हिश्श्याइतक्या विभागांतही मिळत नव्हते! परिचारिकेने कितीही मनावर घेतले तरी कपाटात जे नाही ते ती कोठून आणणार? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? अधिकाऱ्यांनी काही आठवड्यांत ते सगळीकडे पोचवले. शंभरावर विभागांतून हा प्रयोग झाला आणि जंतुसंसर्ग शेकडा ६६ पर्यंत खाली आला. इतका फरक एका कागदाने पडत नाही. कागदामागे उभ्या राहिलेल्या माणसाने तो पडतो.

आता कोणी विचारील, की मग चुकणाऱ्याला शिक्षाच करायची नाही काय? दारू पिऊन शस्त्रक्रिया करणारा, पैशासाठी बनावट औषध विकणारा, नोंदवहीत खोटे लिहिणारा, यांना शिक्षा झालीच पाहिजे. तिथे ‘कोण?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि मोठ्याने विचारला पाहिजे. मेलेल्या माणसाच्या घरच्यांचा तो हक्क आहे. पण इस्पितळातल्या पुष्कळशा चुका अशा नसतात. त्या थकलेल्या माणसाच्या, घाईत असलेल्या माणसाच्या, एकसारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांच्या चुका असतात. त्या दडल्या, की उद्या दुसऱ्याच्या हातून पुन्हा होतात. आणि त्या दडवायच्या की सांगायच्या, हे खालचा माणूस वरच्याच्या तोंडाकडे पाहून ठरवतो.

मला एक प्रसंग आठवतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आई तालुक्याच्या गावी दवाखान्यात होती. रात्रीच्या नर्सबाईंनी शेजारच्या खाटेची सलाइनची बाटली आईला लावली. पाच-सात मिनिटांत त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी ती बंद केली आणि घामाघूम होऊन डॉक्टरांना बोलावून आणले. मी जवळच होतो. आता बाईंचे काही खरे नाही, असे मला वाटले. डॉक्टरांनी आधी आईची नाडी पाहिली. मग म्हणाले, “बरं झालं बाई, लगेच सांगितलंत. या दोन बाटल्या एकत्र आल्या कशा?” पाहिले तो काय, नावाच्या चिठ्ठ्या नुसत्या दोऱ्याने बांधलेल्या, आणि दिवा दूर. दुसऱ्या दिवसापासून नावे ठळक लिहून चिकटवू लागले, आणि टेबलाशी एक दिवा आला. आई सुखरूप घरी आली. त्या डॉक्टरांनी त्या रात्री कोणते औषध दिले ते मी विसरलो. ते वाक्य विसरलो नाही.

तेव्हा श्रोतेहो, आपण आपल्यापुरते काय करावे? प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात, तर सुई नवी आहे ना, बाटलीवरचे नाव माझेच ना, एवढे सौम्यपणे विचारायला संकोच करू नका. चांगल्या वरिष्ठाला त्याचा राग येणार नाही. काही विपरीत घडले तर चौकशी अवश्य मागा, पण हाती दगड घेऊन नव्हे. जमाव दाराशी आला की कपाटे बंद होतात आणि नोंदवह्या मुक्या होतात. जे कोणी कुठे ना कुठे वरिष्ठ आहेत, शाळेचे मुख्याध्यापक असोत, पंचायतीचे सरपंच असोत, की घरातले वडीलधारे असोत, त्यांनी आपल्या हाताखालच्याने वाईट बातमी आणली, की आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो तेवढे तपासावे.

२०१९ पासून १७ सप्टेंबर हा दिवस जगभर रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळेत काही सांगायचे असेल, तर गुरुजींनी मुलकोवालच्या चिमट्याची गोष्ट सांगावी. आणि मुलांना विचारावे, की तो चिमटा तुमच्या हातून पडला असता, तर तुम्ही सांगितले असते काय? मुले काय उत्तर देतात ते तर ऐकावेच. पण उत्तर देण्यापूर्वी ती गुरुजींच्या तोंडाकडे कशी पाहतात, तेही पाहावे.